अभयारण्य आणि हजेरीपट



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय दिला तो ‘आफ्रिकेतील अभयारण्ये’ असा. मजुरांच्या सभा घेण्यात ज्याची हयात गेली, त्याने सिंह-हत्तींवर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही आफ्रिकेस गेलेलो नाही. आम्ही सांगणार ते वाचनालयाच्या कपाटातले आणि आपल्या बोथ्याच्या घाटातले. हल्ली आपल्या गावचीही काही मंडळी त्या खंडाची सफर करून येतात, छायाचित्रे दाखवितात, आणि ती पाहताना जीव हरखतो हे खरे. आम्ही आज इतकेच करणार आहोत की त्या चित्रात जो दिसत नाही त्याच्याकडे आपले लक्ष वेधावयाचे. अभयारण्य पाहावयास जाणाराने तीन प्रश्न बरोबर न्यावेत असे आम्हांस वाटते. येथे पूर्वी कोण राहत होते? ही वाट कोणी बांधली? आणि आज हे कोण राखतो?

प्रथम धबधब्याचे घेऊ. युगांडा देशात मर्चिसन धबधब्याचे राष्ट्रीय उद्यान आहे. व्हिक्टोरिया सरोवरातून निघालेली नाईल नदी तेथे खडकातील अवघ्या सात मीटरांच्या फटीत घुसते आणि सुमारे ४३ मीटर खाली कोसळते. एवढी मोठी नदी, आणि तिला वाट एखाद्या बैलगाडीच्या रस्त्याएवढी! पाण्याचे तुषार उंच उडतात व उन्हात त्यांवर इंद्रधनुष्य उमटते. खालच्या संथ पात्रात पाणघोडे डुंबतात, काठावर मगरी पहुडलेल्या असतात, माळावर हत्ती, जिराफ, सिंह. सुमारे ३,९०० चौरस किलोमीटरांचे हे उद्यान आहे. म्हणजे आपल्या ज्ञानगंगेसारखी एकोणीस अभयारण्ये त्यात मावावीत.

१८६४ साली सॅम्युएल बेकर नावाचा इंग्रज प्रवासी आपल्या सहचारिणीसह तेथे पोहोचला आणि लंडनच्या भूगोल मंडळाच्या अध्यक्षाचे नाव त्याने धबधब्यास देऊन टाकले. ज्याच्या नावाने धबधबा ओळखला जातो तो तेथे कधी फिरकलाही नव्हता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मुलखात निद्रारोगाची भयंकर साथ आली. त्सेत्से नावाच्या माशीच्या दंशाने हा रोग पसरतो. युगांडात त्याने दोन लाखांहून अधिक माणसे नेली. साथ आटोक्यात आणण्यासाठी इंग्रज सरकारने १९०७ ते १९१२ या काळात सुमारे १३,००० चौरस किलोमीटर प्रदेशातील वस्ती उठविली. गावे मोकळी झाली, शेतांत गवत माजले, जनावरे आली. मग तेथे शिकारीसाठी राखीव रान झाले आणि १९५२ साली राष्ट्रीय उद्यान.

आता मौज पाहा. प्रवाशाच्या हाती जे माहितीपत्रक येते त्यात असे रान ‘अस्पर्श’ म्हणून वर्णिलेले असते. मंडळी, अस्पर्श कसले? ते रिकामे केलेले रान आहे. रोग खरा होता, वस्ती हलविण्यास कारणही होते. परंतु साथ ओसरल्यावर त्या माणसांच्या जमिनीवर त्यांच्याऐवजी दुसऱ्यांची करमणूक उभी राहिली, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे. १९७१ नंतर इदी अमीनच्या अमदानीत आणि पुढच्या यादवीत याच उद्यानात हत्तींची प्रचंड कत्तल झाली. राज्य मोडले की रान मोडते. रान स्वतःचे रक्षण स्वतः करीत नाही; ते कोणीतरी करावे लागते.

दुसरा प्रश्न वाटेचा. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागात प्रवासी ज्या वाटेने प्रथम शिरले ती वाट म्हणजे युगांडा रेल्वे. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत सुमारे ५८० मैलांचा हा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात झाला. तो बांधला हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांनी. सुमारे ३२,००० माणसे नेली. बहुतेक पंजाबातली, कराचीच्या बंदरातून गेलेली. त्यांपैकी २,४९३ तेथेच मेली. भागाकार केला तर दर मैलास चार माणसे पडतात. हिवतापाने, आमांशाने, अपघाताने, आणि काही सिंहाच्या तोंडी.

सावो येथील नरभक्षक सिंहांची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. तिच्यावर चित्रपटही निघाले. १८९८ साली सावो नदीवर पूल बांधण्याचे काम चालू असता आयाळ नसलेले दोन नर सिंह मजुरांच्या तंबूंत शिरून माणसे ओढून नेऊ लागले. पुलाचा अधिकारी पॅटर्सन याने हिंदी मजुरांतील बळींची संख्या २८ दिली. आफ्रिकी माणसांची गणती कोणी ठेवलीच नाही. पुढे त्याने हा आकडा खूप वाढवून सांगितला. २००९ साली शास्त्रज्ञांनी सिंहांच्या हाडांची व केसांची रासायनिक तपासणी करून सुमारे पस्तीस माणसे असावीत असा अंदाज काढला. दोन्ही सिंह त्या डिसेंबरात मारले गेले. त्यांची कातडी १९२४ साली शिकागोच्या संग्रहालयास विकली गेली आणि आज तेथे ते पेंढा भरून उभे आहेत.

परंतु या गोष्टीतील एक प्रसंग चित्रपटवाल्यांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही, तो आम्हांस वाटतो. डिसेंबरच्या आरंभी मजूर एकत्र जमून साहेबाकडे गेले. आम्ही सरकारचे काम करण्याचा करार करून आलो आहोत, सिंहांचे भक्ष्य होण्याचा नव्हे, असे त्यांनी त्यास बजावले. मग रुळांवर आडवे पडून त्यांनी गाडी थांबविली, आपली गाठोडी तीत टाकली व शेकडोंनी ते निघून गेले. जे राहिले त्यांच्यासाठी सिंहाची उडी पोहोचणार नाही असे उंच निवारे बांधून होईपर्यंत सुमारे तीन आठवडे काम बंद होते. पॅटर्सनने हे भित्र्यांचे पळणे म्हणून सांगितले आहे. आम्ही त्यास संप म्हणतो. मागणी एकच होती आणि ती सर्व मागण्यांत जुनी आहे: कामावर गेलेला माणूस जिवंत घरी यावा.

त्याच सावोच्या मुलखात १९४८ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आणि त्याच रेल्वेच्या देशात हिंदी मजुरांच्या पुढच्या पिढीतून माखन सिंग नावाचा पुढारी निघाला. १९३५ साली त्याने तेथील हिंदी कामगारांची संघटना साऱ्या वंशांच्या कामगारांस खुली केली. हिंदी व आफ्रिकी मजूर एका सभेत बसतात हे सरकारास रुचले नाही. १९५० साली त्यास धरले ते १९६१ पर्यंत अटकेत ठेवले. आफ्रिकेचे सिंह पाहून येणाऱ्यांनी या सिंहाचीही चौकशी करावी.

असो. आता आपण घरी येऊ. ‘आपल्याकडे काय आहे?’ असे आपण फार लवकर म्हणतो. बुलढाण्याहून खामगावास एस. टी.ने जाताना आपण ज्या झाडीतून जातो ते ज्ञानगंगा अभयारण्य आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पसरलेले, सुमारे २०५ चौरस किलोमीटर क्षेत्राचे, १९९७ साली जाहीर झालेले. साग, सालई, धावडा, तेंदू, पळस यांचे हे कोरडे रान. त्यात बिबट्या आहे, अस्वल आहे, तरस, नीलगाय, भेकर, चिंकारा आहेत. उत्तरेस संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत अंबाबरव्याचे अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. दक्षिणेस लोणार आहे. काळ्या पाषाणात आकाशातून आलेल्या अशनीने खणलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, आत खारे सरोवर, आणि काठावर गोड्या पाण्याची अखंड वाहणारी धार. तेही अभयारण्यच आहे. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा शास्त्रज्ञांनी सांगितले की क्षार वाढल्याने तांबूस रंगाचे सूक्ष्मजीव माजले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर कराराच्या जागतिक यादीत लोणारचे नाव जाहीर झाले.

आपल्याकडे नाईल नाही. आपल्या घाटातले धबधबे पावसाळ्याचे चार महिने गर्जतात आणि संक्रांतीपर्यंत ओघळ कोरडे पडतात. येथूनच आपल्या रानाची खरी कथा सुरू होते. कारण ज्या रानात पाणी बाराही महिने वाहत नाही, त्या रानात जनावर टिकते ते कोणीतरी पाणी आणून ओतते म्हणून.

आणि येथे वाघही आला होता. ती हकीकत आपल्या जिल्ह्याने विसरू नये. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला. जूनमध्ये त्याने जन्मस्थान सोडले. पैनगंगेच्या जंगलातून, तेलंगणात डोकावून, हिंगोली, वाशीम, अकोला असे करीत सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरात तो ज्ञानगंगेत पोहोचला. पुढेही तो हिंडत राहिला. नऊ महिन्यांत मिळून त्याची चाल ३,००० किलोमीटरांवर गेली. भारतात वाघाची इतकी लांब चाल तोवर नोंदली गेली नव्हती. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याचा पट्टा काढला. ‘वॉकर’ या नावाने तो जगभर गाजला. तो जोडीदारीण, भक्ष्य आणि हक्काची जागा शोधीत होता. थोडक्यात, गाव सोडून निघालेला कोणताही तरुण जे शोधतो तेच.

या वाघाचा बराचसा मार्ग रानातून गेलाच नाही. तो कपाशीच्या वावरांतून, नाल्यांच्या काठाने, सडका ओलांडून गेला. दिवसा झुडुपात पडावे, रात्री चालावे. एवढ्या वाटचालीत माणसाशी त्याची झटापट एकदाच झाली. तो पडला होता त्या झुडुपात शिरलेल्या एका माणसास किरकोळ इजा झाली, इतकेच. ज्या वावरांतून तो गेला त्यांत दिवसा निंदणाऱ्या बाया आणि रात्री जागलीला बसलेले शेतकरी होते. त्यांनी त्यास जाऊ दिले. वाघाच्या संयमाचे कौतुक झाले. शेतमजुरांच्या संयमाचे कोणी केल्याचे आम्ही वाचले नाही.

त्या पट्ट्याने वाघाच्या ठावठिकाण्याच्या पाच हजारांहून अधिक नोंदी केल्या. कोणत्या तारखेस, कोणत्या वेळी, कोठे. शास्त्र म्हणून ही मोठी गोष्ट आहे आणि आम्ही तिच्यापुढे टोपी काढतो. पण वाघाच्या एकेका रात्रीची नोंद ठेवणाऱ्या या राज्यात त्याच्यासाठी पाणवठा भरणाऱ्या मजुराच्या दिवसांची नोंद नीट असते काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

वनरक्षक हा सरकारी नोकर. त्यास पगार आहे, गणवेश आहे. परंतु त्याच्या खालची कामे कोण करतो? उन्हाळ्यात पाणवठ्यावर टँकर रिता करणे, जाळरेषा काढणे, वणवा लागला की ओल्या फांद्या घेऊन धावणे, रात्रीची गस्त, मचाण बांधणे, तपासणी नाक्याची फळी वर-खाली करणे. ही कामे पुष्कळ अंशी रोजंदारीचा मजूर करतो. तो हंगामापुरता. त्याचे अस्तित्व एका कागदावर असते, तो म्हणजे हजेरीपट. हजेरीपट सापडला तर तो माणूस कामावर होता. न सापडला तर तो कधी नव्हताच.

एक उदाहरण सांगतो. गावाचे व कचेरीचे नाव घेण्याचे कारण नाही. पाच उन्हाळे पाणवठ्यावर राबलेल्या एका मजुराचे प्रकरण आमच्या संघटनेकडे आले. कचेरी म्हणे, हजेरीपट उपलब्ध नाहीत. मजूर निरक्षर, पण त्याची मुलगी शाळेत जात असे. बाप रात्री घरी आला की ती आपल्या जुन्या वहीच्या मागल्या पानावर तारीख घालून ‘पाणी’ किंवा ‘जाळ’ असे लिहून ठेवी. त्या वहीवर साहेबाची सही नव्हती म्हणून तिचे वजन पडेना. तेव्हा आमच्या एका कार्यकर्त्याने टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही मागविली. दोन उन्हाळ्यांची मिळाली. वहीतल्या ‘पाणी’ लिहिलेल्या तारखा आणि टँकरच्या फेऱ्यांच्या तारखा ओळीने जुळल्या. दोन उन्हाळे मान्य झाले, तीन बुडाले. निम्माही न्याय नव्हे. पण जो मिळाला तो एका पोरीच्या अक्षराने मिळाला.

आपण म्हणाल, ही व्यक्तिगत हकीकत झाली. तर मग देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे ऐका. पुण्याजवळ पाचगाव-पर्वती येथे शहरवासीयांसाठी वनीकरणाची योजना वनखात्याने केली. तेथील जगन्नाथ मारुती कोंढरे व इतर मजूर अनेक वर्षे राबूनही हंगामीच राहिले. ते औद्योगिक न्यायालयात गेले. सरकारचे म्हणणे असे की, वने राखणे हे सार्वभौम राजसत्तेचे काम आहे, तो उद्योग नव्हे, म्हणून कामगार कायदे येथे लागू नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. लोकांच्या विहाराची व ज्ञानाची सोय करणारी असली योजना सार्वभौम काम ठरत नाही, त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने तो उद्योगच आहे, आणि वर्षानुवर्षे माणसास कायमपणाच्या हक्कांवाचून हंगामी ठेवणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथा आहे, असा तो निकाल १९९६ च्या निकालपत्रांच्या खंडात छापला आहे. इंग्रजीचा शब्दकोश शेजारी घेऊन आम्ही तो वाचला. त्यातून आम्ही जे शिकलो ते असे: तुमच्या विहारासाठी जो राबतो तो झाडाझुडुपांचा भाग नव्हे, तो कामगार आहे.

आता तिसरी गोष्ट, रानातल्या गावांची. व्याघ्रप्रकल्पांतील गावे बाहेर आणण्यासाठी केंद्र सरकारने २००८ साली कुटुंबामागे दहा लाख रुपये ठरविले. २०२१ साली ते पंधरा लाख केले. युगांडातील माणसांस १९०७ साली कोणी विचारले नाही. आपल्याकडे निदान कायद्याने संमती विचारावी लागते आणि वनहक्कांचा २००६ चा कायदा आहे. हा फरक लहान नव्हे. पुष्कळ कुटुंबांस दवाखाना, शाळा, सडक यांसाठी स्वतःलाच बाहेर यावेसे वाटते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण रोख रक्कम म्हणजे पुनर्वसन नव्हे. जंगलात ज्याला मोह, तेंदू, डिंक आणि चराई होती, त्याला बाहेर रोज मजुरी विकत घ्यावी लागते. पैसा दोन-चार वर्षांत लग्नाला, मोटारसायकलीला जातो. मग तोच माणूस त्याच रानाच्या वेशीवर हंगामी मजूर म्हणून उभा राहतो. त्याच्याइतका ते रान जाणणारा दुसरा कोण आहे? त्याला कायमची नोकरी देणे हा उपकार नसून शहाणपण आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही कामगारवाले वाघापेक्षा माणसाचीच बाजू घेणार. आम्ही ही दोन बाजूंची लढाई मानीत नाही. मोहाच्या दिवसांत पहाटे फुले वेचावयास गेलेल्या बाईला अस्वल फाडते, तेव्हा त्या गावाच्या मनातून अभयारण्य उतरते. नुकसानभरपाई वेळेवर पोहोचली, वेचणाऱ्यांच्या टोळीबरोबर माहितगार मजूर असला, तर तेच गाव अस्वलाला सोसते. युगांडाने काय दाखविले? रक्षक खचला की हत्ती पडतो. उपाशी राखणदाराच्या भरवशावर कोणतेही धन राहत नाही, आणि रान तर नाहीच. मजुराची बाजू घेणे म्हणजेच वाघाची बाजू घेणे आहे. हे आम्ही भाबडेपणाने नव्हे, हिशेबाने सांगतो.

शेवटी आपणांस काही सांगणे आहे. दूरच्या देशी जाण्याची ऐपत असेल त्यांनी अवश्य जावे. पण त्यापूर्वी एकदा ज्ञानगंगा पाहा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून जनावरांची गणना होते. वनखाते नागरिकांनाही तीत घेते. तरुणांनी नाव नोंदवावे. रात्रभर न बोलता बसण्याचे शिक्षण दुसऱ्या कोणत्याही शाळेत मिळत नाही. बोथ्याच्या घाटातून जाताना गाडी हळू हाका, भोंगा वाजवू नका. तेथे रस्ता आपला असला तरी घर दुसऱ्याचे आहे. वाटाड्या घ्यावा तो जवळच्या गावचा घ्यावा. आणि पाणवठा भरणारा भेटला तर त्यास दोन प्रश्न विचारावेत: दादा, मजुरी हातात पडली का? हजेरी लागली का? उत्तर नकारार्थी आले तर येथे बसलेल्या वकिलांनी, शिक्षकांनी, वर्तमानपत्राच्या बातमीदारांनी ते आपल्यापुरते ठेवू नये. मजुराच्या संघटनेने विचारलेला प्रश्न कचेरीत कपाटात जातो. शहरातल्या प्रवाशाने लेखी विचारला तर त्यास उत्तर द्यावे लागते, असा आमचा अनुभव आहे.